पडीक दाखवायचं शेत

पिकणारी जमीन पडीक कशी होते, ठाऊक आहे तुम्हाला? देवळीजवळच्या आपल्या गावात प्लॉट विकायला येणारा तो माणूस सांगेल. तो शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावरच थांबतो, उभ्या पिकाला ‘हिरवळ’ म्हणतो आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवतो.

उन्हाळ्यात तो आमच्या शेजारच्या काकूंकडे आला. शेत त्यांच्या मुलाच्या नावावर आहे, पण कसतात काकू; दरवर्षी कपाशी लावतात.

“दोन साल पेरूच नोका, काकू. पडीक दिसली का बिनशेतीचं काम सोपं होते.”

“अन् पऱ्हाटी काय तुह्या डोक्यावर लावू?”

तो मोकळेपणी हसला. काकूंच्या मुलाने मात्र मान डोलावली.

जाताना प्लॉटवाल्याने गाडीतून रिकामी पोती काढली आणि त्याच शेतातली काळी माती भरून घेतली.

“हे काऊन रे?” काकूंनी विचारलं.

“गच्चीवर वांगे लावले. अशी माती दुसरीकडं भेटत नाई.”

हे सांगताना त्याला जराही अवघडल्यासारखं झालं नाही.

यंदा मुलाने काकूंना पेरू दिलं नाही. ग्रामसभेत हे शेत पडीक म्हणून मांडलं जाईल. मागच्या हंगामात तुम्ही इथे कापूस वेचलाय. तेवढं उभं राहून सांगा.