खुराची आतली कड

लग्न होऊन आली तेव्हा नालबंदाची बायको घोड्याच्या वाऱ्यालाही उभी राहत नसे. पुढे पुढे मात्र तीच घोड्याच्या तोंडाशी उभी राहून त्याला बोलण्यात गुंतवायची आणि नवरा खाली वाकून निवांतपणे खूर तासायचा.

"घोड्यांशी बोलतेस तेवढं माझ्याशी बोललीस तर संसार सोन्याचा होईल," तो म्हणायचा.

"घोडे उलटून बोलत नाहीत," ती म्हणायची.

मग एका सकाळी त्याच्या हातून चहाचा कप निसटला. अर्धांगाचा झटका सौम्य होता. वाकडं झालेलं तोंड सरळ झालं, जीभ अडखळायची तीही थांबली आणि तो पुन्हा भट्टीपुढे उभा राहिला. फक्त उजव्या हातातला जोर पूर्वीसारखा परत आला नाही. बाहेरच्या कडेवर कानस ठीक चालायची, आतल्या कडेशी येईतो हात ढिला पडायचा. खूर बाहेरून खाली बसायचा, आतून उंच राहायचा. बघणाऱ्याला कळणारही नाही एवढाच फरक. पण घोडा त्याच तिरक्या खुरावर दिवसभर ओझं ओढतो आणि सगळा ताण वरच्या सांध्यावर येतो.

बायकोच्या ते लक्षात आलं. तिने तोंडातून अवाक्षर काढलं नाही. तो नाल तापवायला भट्टीकडे वळला की ती पटकन पाय उचलायची आणि आतली कड कानशीने बरोबर करायची. घोडे सरळ चालत होते, नवऱ्याचं नाव शाबूत होतं. आणखी काय हवं होतं?

पण मुलीचं बाळंतपण आलं. तिच्या सासरी जाताना बायकोने बजावलं, "मी येईपर्यंत काम घेऊ नका. विश्रांती घ्या." तो बरं म्हणाला. मात्र दूधवाला त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. त्याच्या तांबड्या घोडीची नाल निखळली, तेव्हा नाही म्हणणं नालबंदाच्या जिवावर आलं.

नातवंडाला न्हाऊमाखू घालून ती परतली, तेव्हा दुधाची गाडी दारावरूनच चालली होती. घोडी पुढचा डावा पाय टेकला की झटक्याने मान वर उचलत होती. बायको दारातच थांबली.

"भाऊ, हिची नाल कुणी ठोकली?"

"कुणी म्हणजे? दादांनीच. जरा अडखळते खरी. खडा रुतला असेल."

घोडी आत्ताच्या आत्ता सोडा, नाल काढा, असं तिने म्हणायला हवं होतं. पण मग कारण सांगावं लागलं असतं आणि गल्लीभर बभ्रा झाला असता. ती एवढंच म्हणाली, "जरा कमी हिंडवा तिला. पुढच्या आठवड्यात आणा, बघू."

तो आठवडा उजाडलाच नाही. पुलाच्या उतारावर भरल्या गाडीखाली घोडीचा तोच पाय मोडला. जनावरांच्या डॉक्टरांनी पाय चाचपला आणि मान हलवली. शेवटचं इंजेक्शन चढेपर्यंत दूधवाला तिचं डोकं मांडीवर घेऊन रस्त्यात बसून होता.

संध्याकाळी तो नालबंदाच्या पायरीवर येऊन टेकला. भांडायला नव्हे, दुसरीकडे कुठे जावं, हेच त्याला सुचत नव्हतं.

"डॉक्टर म्हणाले, खूर तिरका होता, सांधा आधीच कामातून गेला होता. मी म्हटलं, शक्यच नाही. आमच्या दादांचा हात आहे तो."

दूधवाला गेल्यावर नालबंदाने कानस उचलली आणि उजव्या हातात धरून पाहिली.

"तू घरी असताना एकही घोडा लंगडला नाही. तू माझ्या मागून खूर सारखे करायचीस ना?"

तिने मान डोलावली.

"मला सांगायचं होतंस."

"तुमचा चेहरा बघवला नसता मला."

"मग आता बघ," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच दूधवाल्याकडे गेला. सगळा दोष त्याने आपल्या अंगावर घेतला. बायकोने घोडी लंगडताना पाहिली होती, हे तिने रात्री त्याला सांगितलं होतं; ते मात्र त्याने दूधवाल्याला सांगितलं नाही. दूधवाल्याने ऐकून घेतलं आणि दार हळूच लावून घेतलं. नालबंदाने भट्टी पुन्हा पेटवली नाही. घरात दोघं एकमेकांना लागेल असं कधी बोलली नाहीत. पण त्यांची थट्टामस्करी संपली ती संपलीच.

पुढे कधीतरी बाजारात दूधवाला तिच्या समोर आला. वाट बदलायला जागा नव्हती.

"वहिनी," तो म्हणाला, "तुम्ही त्या दिवशी दारात उभ्या होतात. तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं ना?"

"हो, भाऊ," ती म्हणाली.

त्याने हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि गर्दीतून चालू लागला.