बर्फातला राजा

त्या रविवारचा धक्का अजून ओसरलेला नाही. बेडोक उपनगरातल्या आमच्या इमारतीतले एक शेजारी विद्यापीठात मध्ययुगीन युरोपचा इतिहास शिकवतात. आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. दर रविवारी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या सार्वजनिक मंडपात, इथल्या रिवाजाप्रमाणे टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून ते जागा धरतात, मला हाक मारतात, कमी साखरेची कॉफी घेतात आणि ‘बघा हं’ म्हणून सुरू होतात.

त्या दिवशी विषय बहिष्काराचा होता. “बघा हं, चर्चनं वाळीत टाकलं की संपलं. त्या माणसाशी कुणी बोलायचं नाही, त्याच्या पंगतीला बसायचं नाही. राजालासुद्धा पोपच्या दारात बर्फात अनवाणी उभं राहावं लागलं. माणसं होती की कोण?” सरांचा आवाज चक्क कापत होता.

तेवढ्यात एक तरुणी ट्रे घेऊन आली. “बाबा, बसू इथे?”

सरांनी वर पाहिलंसुद्धा नाही. टिश्यूचं पाकीट खिशात घातलं, भरलेला कप तसाच टाकला आणि चालू पडले. त्यांना मुलगी आहे हेच मला माहीत नव्हतं.

“मी जातीबाहेर लग्न केलं ना,” ती खाली बसत म्हणाली. “राजाची गोष्ट सांगत होते?”

मी कशीबशी मान हलवली.

“लहानपणी मला झोपवताना सांगायचे.” तिनं त्यांचा कप हळूच जवळ ओढला. “पोपनं शेवटी दार उघडलं, हे सांगितलं का तुम्हाला?”