अंगात येण्याचं भय

देवीच्या घरात मी वाढले, पण खरं सांगायचं तर मला देवीची भक्ती कधी वाटली नाही, भीतीच वाटली. डोणगावला आमच्या घरी माझ्या मायच्या अंगात यायचं. मंगळवारी आरती सुरू झाली की आधी तिच्या हातातल्या बांगड्या किणकिणू लागत, मग खांदे हलत, मग सगळं अंग. केस सुटत. डोळे उघडे असत, पण त्या डोळ्यांना मी दिसत नसे. बाया पुढे होऊन तिला हळदकुंकू लावत, कोणी आजारी लेकराचं विचारी, कोणी हरवलेल्या गाईचं. मी ज्वारीच्या कणगीमागे अंग चोरून बसे आणि एकच विचार करी, ही परत आलीच नाही तर? आरती आटोपली की माय पाणी पिई, केस बांधी आणि चुलीपुढे बसून मला जेवायला हाक मारी. मी मात्र बराच वेळ तिच्याकडे संशयानं बघत राही. ही माझीच माय आहे ना, याची खात्री पटल्याशिवाय घास उतरत नसे.

त्यात गावच्या बाया सहज म्हणून जात, हे मायकडून लेकीकडे येत असतं. त्यांना ते कौतुकाचं वाटे. मी तिथून उठून जाई. म्हणून जळगाव जामोदच्या ड्रॉइंग मास्तरांचं स्थळ आलं तेव्हा मी मनातून सुटल्यासारखी झाले. डोणगाव लांब पडणार होतं, आणि त्या घरात कोणाच्या अंगात येत नव्हतं. मायनं लग्नात देवीचा एक लहानसा टाक, चांदीच्या पत्र्यावर उमटवलेली मूर्ती, दिला होता. मी त्याच्यापुढे रोज दिवा लावी आणि डोळे न भिडवता वळून कामाला लागे.

पण जे टाळून आले तेच दुसऱ्या वाटेनं घरात आलं. पहिल्या दिवाळसणाला ह्यांनी मायला त्या अवस्थेत पाहिलं. हे हसले नाहीत, घाबरलेही नाहीत. भिंतीला टेकून, डोळे विस्फारून नुसते बघत बसले. परत आल्यावर ह्यांच्या चित्रांत मोकळे केस आणि उघडे डोळे दिसू लागले. पुढे अकोल्याच्या एका मित्राकडून टेपरेकॉर्डर मागून आणला आणि हे सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत जाऊ लागले. तिथे ढोलावर नाचता नाचता भगताच्या अंगात देव येतो. ह्यांनी त्या ढोलांचा आवाज टेपवर भरून आणला. कुठल्याशा मासिकातली चित्रं मला दाखवून म्हणाले, "हे बघ, कुठे कोरिया, कुठे बाली बेट, कुठे मंगोलिया आणि कुठे आपलं डोणगाव. पण सगळ्यांचे डोळे सारखे आहेत."

त्यातून ह्यांच्या मनात एक खेळ तयार झाला. काचांवर चित्रं रंगवायची, दिव्याच्या यंत्रातून ती पांढऱ्या पडद्यावर आणि नाचणाऱ्या बाईच्या पांढऱ्या लुगड्यावर पाडायची, मागे टेपवर डोंगरातले ढोल. बोलणं एक अक्षर नाही. मी विचारलं, "हे नाटक आहे का?" तर म्हणाले, "नाटक नाही, सिनेमा नाही, नुसता नाचही नाही. काय म्हणायचं ते बघणारे ठरवतील." आणि नाचायचं होतं मला. शाळेत असताना मी स्नेहसंमेलनात नाचत असे, एवढीच माझी पुंजी. मी नको नको म्हटलं. ह्यांनी समजूत घातली, "अगं, तुला देवी आणायची नाहीये. आणल्यासारखं करायचं आहे." त्या वाक्यानं माझी भीती गेली नाही, उलट वाढली. पण ह्यांचा उत्साह इतका निर्मळ होता की माझ्यानं मोडवेना.

सुटीच्या दिवशी दुपारी घरातच तालीम चाले. ढोल आधी सावकाश वाजत, मग एका ठिकाणी एकदम दाट होत. तिथे आलं की माझी बोटं आपोआप थरथरू लागत. हे खूश होऊन म्हणत, "वा, अगदी असंच!" ते मी करत नव्हते, हे सांगायचा मला धीर झाला नाही. पुढे पुढे भाकरी थापताना स्वतःच्याच बांगड्यांचा आवाज ऐकून मी दचकू लागले. एके दिवशी टेप संपली आणि माझ्या ध्यानात आलं की आमची कुंदा, पाचएक वर्षांची असेल तेव्हा, माझ्या लुगड्याला धरून हमसून हमसून रडते आहे. "केव्हाची हाक मारते मी, तू पाहत काऊन नाहीस?" ती म्हणाली. कणगीमागची मी मला आठवले. त्या संध्याकाळी आयुष्यात पहिल्यांदा मी त्या टाकाकडे नीट बघितलं आणि म्हटलं, माझ्यावर येऊ नकोस, माझी पोर लहान आहे.

खेळासाठी गावाबाहेरच्या जिनाची, कापसातली सरकी काढायच्या कारखान्याची, जागा मिळाली. उन्हाळ्यात कापसाचं काम संपलेलं असतं, त्यामुळे जिनाची मोठी टिनाची इमारत रिकामी होती. दारं लावून फटींत पोती कोंबली की भर दुपारीही आत अंधार. फक्त वर, वाशांवर आणि तुळयांवर, वर्षानुवर्षांची कापसाची रुई चिकटलेली होती. बाजाराचा दिवस होता. विजेवरचा काही नवा खेळ आहे असं ऐकून शेतकरी, बांगड्यावाल्या, डोंगरातून डिंक आणि चारोळी विकायला आलेली माणसं अशी दाटी झाली. कुंदा पुढेच, शेजारच्या लीलाकाकूंच्या मांडीवर बसली होती. हे पार मागे, फळ्यांच्या माचाणावर, यंत्र आणि टेप घेऊन. दिव्याची वायर तुळईवरून आणली होती. मोठं दार ओढून घेतलं, अंधार झाला, आणि पहिला लाल रंग माझ्या अंगावर पडला.

सुरुवातीचं मला आठवतं. रंग लुगड्यावरून वाहत होते, माझी सावली पडद्यावर माझ्यापेक्षा कितीतरी मोठी झाली होती आणि तिच्याकडे बघायची मला हिंमत होत नव्हती. मग ते ठिकाण आलं. ढोल दाट झाले. बोटं, मनगटं, खांदे एकेक करून माझ्या हातून निसटू लागले. मी ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. इतकी वर्षं ज्याच्यापासून पळाले ते आता गळ्यापर्यंत चढलं होतं आणि झगडायला अंगात काही उरलं नव्हतं. तेव्हा मनातल्या मनात मी म्हटलं, बरं, ये. पण माझ्या पोरीला सांभाळ.

त्यापुढचं मला ठाऊक नाही. लीलाकाकूंनी नंतर सांगितलं ते सांगते. मी नाचता नाचता थांबले. डोळे उघडे होते. मग मी पडद्यापुढच्या चौथऱ्यावरून खाली उतरले आणि माझा नव्हेच अशा जाड आवाजात म्हणाले, "उठा. बाहेर चला." पुढच्या एका म्हाताऱ्यानं हात जोडले. कोणीतरी "उदो उदो" म्हटलं आणि माणसं उठू लागली. मी गर्दीतून सरळ दाराकडे चालले. दोघा-तिघांनी दार ओढून मला वाट करून दिली. मी उन्हात गेले आणि सगळी माणसं माझ्यामागे आली, आयाबायांनी कडेवर लेकरं घेतली, कोणी आत मागे राहिलं नाही. राहिले फक्त हे. माचाणावरून ओरडत होते, "अगं, काय करतेस? परत ये!"

मला भान आलं ते तळपायाला बसलेल्या चटक्यानं. विहिरीच्या तळातून यावी तशी कुंदाची हाक ऐकू आली. ती लीलाकाकूंच्या कडेवरून माझ्याकडे झेपावत होती. तिला घ्यायला मी हात पुढे केले आणि तेवढ्यात माणसांचा गलका बदलला. जिनाच्या पत्र्यांमधून धूर निघत होता. वायर कुठेतरी तापली होती आणि वरच्या रुईनं पेट घेतला होता. रुईला आग लागली की ती चढत नाही, धावते.

"आमचे हे आत आहेत," मी म्हटलं. मग तेच ओरडून म्हटलं. आतापर्यंत जिला मी भीती म्हणत होते ती काहीच नव्हती. लोक विहिरीकडे धावत होते, पण त्या दारातून आत जायची कोणाची छाती होत नव्हती. तेवढ्यात लाल फेटा बांधलेला, उंच, सावळा असा एक माणूस बैलांच्या हौदाशी गेला, पोतं बुडवून डोक्यावर घेतलं आणि माझ्यापुढे येऊन त्यानं विचारलं, "मास्तर कोन्या अंगाले हायेत, बाई?"

"मागं. उजवीकडं, माचाणावर."

"भेऊ नका," तो म्हणाला, आणि आत गेला.

दार धुरानं भरून काळं झालं. मी कुंदाचं तोंड छातीशी दाबून धरलं होतं, तिला दिसू नये म्हणून. किती वेळ गेला सांगता येत नाही. आतून काही कोसळल्याचा आवाज आला आणि बायांनी रडायला सुरुवात केली. मी काही मागितलं नाही, नवस बोलले नाही. मागायलाही शब्द नव्हते. मग त्या काळ्या दारातून तो वाकून बाहेर आला, ह्यांना खांद्यावर टाकून. ह्यांचे दोन्ही हात भाजले होते, कारण हे काचा वाचवायला बघत होते. पण श्वास चालू होता. त्या माणसानं ह्यांना सावलीत उतरवलं, तांब्याभर पाणी मागून घेतलं, तोंड धुतलं. मी ह्यांच्याकडे वाकले, आणि वर बघते तर तो नव्हता. थोड्याच वेळात छपराचे पत्रे वाकून आत कोसळले. इतकी माणसं होती, पण दुसऱ्या कोणाला ओरखडासुद्धा आला नाही.

त्या माणसाचा आम्ही पुष्कळ शोध केला. बाजाराचा दिवस, बाहेरगावची माणसं. कोणी म्हणालं बैलांचा व्यापारी असेल, कोणी म्हणालं डोंगराकडचा. ओळखणारं कोणी निघालं नाही. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "वायर जळण्याचा वास तुमच्या नाकाला आधी लागला असेल, बाई. मनाला आपल्या आधी कळतं." तसं असेलही. मी त्यावर वाद घालत नाही.

पण भीती संपली नव्हती. दुसऱ्याच दिवसापासून दारात माणसं येऊ लागली, पाया पडायला, प्रश्न विचारायला. एका बाईनं तापानं फणफणलेलं लेकरू माझ्या पुढ्यात ठेवलं. मी दार लावून आत बसले. मग निरोप मिळताच डोणगावहून माय आली. तिनं पिशवी खाली ठेवली, उंबऱ्यात बसली आणि सगळ्यांना सांगितलं, "आली होती, गेली. आता माह्या लेकीले आराम करू द्या." त्या तापलेल्या लेकराच्या आईला मात्र तिनं तिथूनच हात धरून दवाखान्यात नेलं.

एका दुपारी हे झोपले होते, माय अंबाडीची भाजी निवडत होती. मी तिला ते विचारलं जे इतक्या वर्षांत विचारायचं धाडस झालं नव्हतं.

"माय, तुले भेव नाही वाटत का?"

"वाटते ना," ती भाजी निवडता निवडता म्हणाली. "दरवेळी वाटते."

"मले वाटे, तुले काहीच समजत नाही. मी दिसतच नाही तुले."

तिनं हात थांबवले. "सुरू व्हायच्या आधी मी तुह्याकडंच पाहो. तू त्या कणगीमागं बसत जाय. वाटे, या पोरीले सोडून जाऊन राह्यली मी, माघारी येईन का नाही." मग ती पुन्हा भाजी निवडू लागली. "आपल्या हाती थोडीच असते व. तुले तिच्या ओटीत टाको, अन् मंग जावो."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडले आणि लहानपणी जे रडायचं राहून गेलं होतं ते रडून घेतलं. ती केसांतून हात फिरवत राहिली. तिच्या हाताला अंबाडीचा आंबट वास होता.

माझ्या अंगात पुन्हा कधी आलं नाही. ह्यांची बोटं आखडली, पण हळूहळू ब्रश धरू लागली. भीती मात्र गेली असं मी म्हणणार नाही. कुंदाला यायला उशीर झाला, ह्यांना खोकला झाला, की ती येतेच. आता मी तिच्याशी झगडत नाही एवढंच. सकाळी दिवा लावल्यावर देवीकडे सरळ बघते आणि माझी माणसं एकेक करून तिच्या ओटीत टाकते, नाव घेऊन. माय, हे, कुंदा, लीलाकाकू. शेवटी त्या लाल फेट्यावाल्यापाशी येते. त्याचं नाव मला माहीत नाही. तिथे जरा थांबते, आणि तिला म्हणते, तुला ठाऊक आहे.