सोयरीक आणि सात गड्यांचं रग्बी

मुलीचं स्थळ बघायला आलेल्या माणसांना जमिनीवर आडवं पाडू नये, एवढं मला कळतं. तरीही ते माझ्या हातून घडलं.

आम्ही मूळचे खानदेशातले, पोटासाठी कापडगिरण्यांच्या शहरात आलेले. मी पांडेसऱ्यातल्या एका कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये सुपरवायझर आहे आणि राहायला नवागामला. आमची मुलगी पूजा पर्वत पाटिया भागात साड्यांच्या डिझाइनचं काम करते. तिच्यासाठी दगडूनानांनी एक स्थळ सुचवलं. दगडूनाना म्हणजे आमच्या समाजातले सोयरिकी जुळवणारे. त्यांचा फोन आला तेव्हा मी नेमका मशीनजवळ उभा होतो. मशीन चालू असलं की तिथे शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही, मग फोनवरचं काय येणार!

"पोऱ्या एकदम चांगला शे!" नाना ओरडले. "साड्या तं करसच, रग बी करस!"

"काय करस?"

"रग बी, रग बी! दुबईले जास, हाँगकाँगले जास! सध्या सीझन शे. सीझन सरना की येतीन बघाले!"

मी फोन ठेवला आणि घरी येऊन जाहीर केलं, "मुलगा रग्बी खेळतो. आंतरराष्ट्रीय!"

"पप्पा, नाना काय म्हणाले नक्की?" पूजाने विचारलं.

"रग्बी करतो म्हणाले."

"रग्बी करत नाहीत, खेळतात."

"अगं, नाना लग्नालाही 'लगीन खेळतो' म्हणतील! त्यांचं काय धरून बसतेस?"

(इथे नानांना परत एक फोन केला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण पुन्हा विचारायचं म्हणजे आपल्याला कळलं नाही हे कबूल करायचं. तेवढा मोठेपणा आमच्या घराण्यात कुणाकडेच नाही.)

मी मोबाइलवर शोधलं. सात-सात गड्यांचं एक रग्बी असतं, त्याचा सीझन खरोखरच दुबईत, हाँगकाँगात, गावोगाव फिरत चालतो. झालं, खात्री पटली! त्या दिवसापासून आमच्या घरात रग्बीचा अभ्यास सुरू झाला. उद्या जावई विचारेल, "काका, यंदा कोण जिंकणार?" तेव्हा काय, "भाऊ, चहा घ्या" म्हणायचं?

सात मिनिटांचा एक डाव, असे दोन डाव. सुरुवातीला बायकोला, मंगलला, तेवढंच आवडलं. "क्रिकेटपेक्षा बरं. भाजी फोडणीला टाकली की सुरू, शिजली की संपलं." आईने मात्र पहिल्याच दिवशी शंका काढली.

"पळायचं पुढे आणि चेंडू द्यायचा मागच्याला?"

"हो. पुढे हाताने टाकला तर फाउल."

"म्हणजे तुझ्या नोकरीसारखंच. काम तू ओढायचं आणि वर दुसऱ्याने चढायचं."

चार सामने बघून आई फिजीच्या बाजूची झाली. का, तर ती पोरं अंगाने भरलेली आहेत आणि सामन्याआधी हात जोडून देवाचं नाव घेतात. फिजी हरली की ती जेवायला बसायची नाही. दुपारच्या वेळी आमच्या घरातून "पकड त्याला! पाय धर, पाय!" असा आईचा आवाज यायचा आणि शेजारी मध्ये पडायला धावत यायचे.

मी तर मिलमध्ये चहाच्या टपरीवर भाषणंच द्यायला लागलो. ज्या खेळाचा चेंडू मी कधी हातात धरलेला नव्हता, त्यात न्यूझीलंडचं काय चुकतंय हे मी रोज दहा माणसांना समजावून सांगत होतो. अर्धवट कळलेला खेळ फार छान समजावता येतो! ऐकणाऱ्यांपैकी एकानेही मला अडवलं नाही, कारण सुपरवायझरला कोण अडवणार?

शेवटी सीझन संपला (आणि थंडीही संपली, पण हा योगायोग मला सुचला नाही). एका रविवारी सकाळी मंडळी आली. मुलगा चेतन, त्याचे वडील हिलालअण्णा आणि आई कमलताई. दारात मोठा टेम्पो उभा राहिला. मी मनात म्हटलं, खेळाचं सामान असणार. आमच्या बाजूने मंगलचा भाऊ बापू होता. बॉयलरवर काम करून त्याचा देहच बॉयलरएवढा झालाय.

पोहे आले. पूजा ट्रे ठेवून आत गेली. मी थेट विषयाला हात घातला.

"सीझन कसा गेला?"

"यंदा जरा मंदच गेला, काका," चेतन म्हणाला.

"दुबईत?"

"दुबईत आपलं नाव आहे. हाँगकाँगलाही बरं झालं."

"आणि समोर तगडं कोण वाटतं? फिजी?"

चेतन गोंधळला. "फिजी? नाही काका, आमची खरी टक्कर पानिपतवाल्यांशी. तिथे आपण मार खातो."

(मराठी माणूस पानिपतात मार खातो, यात मला काहीच नवल वाटलं नाही. पानिपतचाही संघ आहे, ही माहिती मात्र नवीन होती.)

"वजनाचं कसं ठेवता?"

"पाच किलोपर्यंत. त्याहून जड असलं तर लोक उचलत नाहीत."

पाच किलोचा व्यायाम! मुलगा नम्र दिसतोय, असं मी बापूला डोळ्यांनी सांगितलं. आता आपलं ज्ञान दाखवायची वेळ झाली होती. मी पोह्यांचा ट्रे जमिनीवर ठेवला आणि टीपॉय बाजूला सरकवला.

"चला, एक स्क्रम होऊन जाऊ दे! वाकून खांदे भिडवायचे आणि समोरच्याला रेटायचं. नियमाने तिघांसमोर तिघे लागतात, पण आपण दोघांसमोर दोघे करू. मी आणि बापू इकडून, तुम्ही बापलेक तिकडून."

हिलालअण्णांनी बायकोकडे पाहिलं, मग मला हळूच विचारलं, "तुमना घरमा अशी रीत शे का? पोऱ्यानी ताकद देखतस?"

"रीतच समजा!"

बिचारे मुलाकडचे असूनही उठले. सोयरिकीत माणूस काय काय सहन करतो! चौघांनी कमरेत वाकून खांद्याला खांदे भिडवले. माझं डोकं हिलालअण्णांच्या काखेत गेलं. आतून आई ओरडली, "फिजीसारखं रेट!" आणि बापूने रेटलं.

बापूला फक्त रेटायचं ठाऊक होतं, थांबायचं नाही. चेतन भिंतीवर गेला. हिलालअण्णा उताणे पडले, ते थेट पोह्यांच्या ट्रेवर. त्यांच्यावर मी. माझ्या कमरेत असा कट्‌ आवाज झाला की मला वाटलं टीपॉय मोडला. टीपॉय शाबूत होता.

"काका!" चेतन कोपर चोळत म्हणाला. "पण हे कशासाठी?"

"कशासाठी म्हणजे?" मी अण्णांच्या छातीवरूनच बोललो. "तुम्ही रग्बी खेळता ना?"

"मी? मी रग विकतो! थंडीतले, पांघरायचे. साड्यांचा धंदा आहे आणि रगचाही!"

आधी कळलं ते आईला.

"अरे देवा... साड्या बी, रग बी!"

आतून पूजाचा हसण्याचा आवाज आला. हसता हसता ती रडायलाही लागली होती, कारण मुलगा तिला आवडला होता. महिनाभर तिने नव्या ड्रेसचे बेत केले होते, आणि मी तिच्या सासऱ्यावर लोळत होतो. मी उठून माफी मागायला गेलो, पण कंबर सरळ होईना. शेवटी चेतनने टेम्पोतून एक रग आणला, मला त्यात गुंडाळलं आणि बापलेकांनी मिळून दवाखान्यात पोचवलं. अण्णांच्या पाठीला पोहे तसेच चिकटलेले होते.

परत येईपर्यंत बायकांनी निकाल लावला होता. कमलताई मंगलला म्हणाल्या, "पोर गुणनी शे. आन पोर आमना घर येवानी, बाप तं इथंच ऱ्हावाना!"

लग्न ठरलं. हिलालअण्णांनी ना मान मागितला ना पान. अट एकच घातली, व्याहीभेटीत मिठी मारायची नाही, हार लांबूनच घालायचा. मी शब्द दिला आणि भर मांडवात पाळलाही. पण फोटोवाला हट्टाला पेटला, "व्याही, जरा जवळ या की!" मी एकच पाऊल पुढे टाकलं. त्याबरोबर अण्णांनी खिशातला मोबाइल काढून कमलताईंकडे दिला, मनगटावरचं घड्याळ उतरवलं आणि दोन्ही पाय रोवून कमरेत वाकून उभे राहिले!