शकुबाईंचं बोलणं बारीक टायपात

प्रदीप सरांनी अमृताच्या लघुप्रबंधाचं प्रकरण तिसऱ्यांदा परत केलं. लाल पेनानं एकच शेरा होता : "अवतरणं वेगळी करा."

"सर, केलीत की वेगळी. अवतरणचिन्हं आहेत ना दोन्हीकडं."

"चार ओळींपेक्षा लांब उतारा असला तर चिन्हं काढायची. नवा परिच्छेद, डावीकडून आत सरकवायचा, शेवटी संदर्भ. कितीदा सांगू?"

अमृता ओव्हाळ परंदवडीची. दुपारपासून लोणावळ्यातल्या एका हॉटेलच्या रिसेप्शनवर उभी राहायची आणि सकाळी कॉलेजात समाजशास्त्राचं एम.ए. करायची. गावातल्या ज्या बायकांनी आजूबाजूच्या कारखान्यांची बांधकामं केली, त्यांच्यावर तिचा लघुप्रबंध होता. म्हणजे त्यात बायकांचं बोलणंच जास्त. प्रत्येक उतारा सरकवताना पुढची ओळ पळायची, ती धरली की पानाचा आकडा हलायचा. लोकलमधून बेगडेवाडीला उतरेपर्यंत ती मोबाइलवर हेच करत बसायची. शेवटी तिनं आदल्या वर्षीच्या एका मुलीचा प्रबंध मागून आणला. त्यात उतारे बारीक टायपात होते आणि नावांच्या जागी क्रमांक. तिनंही तसंच केलं आणि छापून वडिलांच्या आत्याला, शकुबाईला दाखवायला नेलं.

शकुबाई साक्षरता वर्गात वाचायला शिकलेली. चष्मा पुसून तिनं कागद डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

"ह्ये मोठं कुनाचं?"

"माझं, आत्या. मी लिहिलेलं."

"आन् ह्ये मुंगीवानी?"

"ते तुमचं."

"मंग मला का दिसंना? तुजं तेवडं दिसतंय." तिनं बोट खाली नेलं. "माहितीदाता चार. ही कोन?"

"तुम्हीच."

शकुबाईनं कागद मांडीवर ठेवला. "भिंत उठली तवर आमी आत व्हतो. पत्रं चढलं न् वाचमन म्हनला, आता आत यायचं न्हाई. ह्ये तुला म्या सांगितलं. चार नंबरनी न्हाई."

अमृताला आधी सरांचा राग आला, मग आत्याचा, मग कुणाचा हे तिलाच कळेना. नियम सांभाळावा तर आत्या रुसते, आत्याला सांभाळावं तर मार्क जातात. रात्रभर तणतणून सकाळी ती सरांच्या टेबलापुढं उभी राहिली आणि सगळं एका दमात बोलून गेली.

सर ऐकत राहिले. "बारीक करायला कोणी सांगितलं तुला?"

"म्हणजे? तसाच नियम आहे ना?"

"मी आत सरकवा म्हणालो. बारीक करा म्हणालो नाही. कुणाचं बघून केलंस?"

आठ दिवसांची डोकेफोड आणि बारीक करायला सांगितलेलं कुणीच नव्हतं.

"आणि नाव?" तिनं विचारलं.

"त्यांची हरकत नसेल तर नाव घाल. पण त्यांची संमती लेखी आण."

शकुबाईनं सही केली. एकेक अक्षर दाबून, नवऱ्याचं नाव धरून पूर्ण. बाकीच्या बायकांकडंही अमृता गेली. दोघींनी नाव नको म्हटलं, त्यांचे क्रमांक तसेच राहिले. टाइप सगळ्यांचा सारखा झाला. ओळी पुन्हा पळाल्या, पुन्हा धरल्या.

तोंडी परीक्षेला पुण्याहून एक बाई परीक्षक म्हणून आल्या होत्या. त्यांनी पान उघडून शकुबाईचा उतारा मोठ्यानं वाचला आणि मान डोलावली. "भाषा छान आहे तुमची. पण प्रबंधात बोलीभाषा कशाला वापरलीत?"

अमृतानं सरांकडं पाहिलं. सर खिडकीबाहेर पाहत होते.

"मॅडम, ते माझं नाही. आत सरकवलेलं आहे, बघा ना. खाली नाव आहे."

"अच्छा, अवतरण आहे होय! मग चिन्हं नको का द्यायला?"

आपण ओरडू, असं तिला वाटलं. ती पाणी प्यायली आणि तिनं नियम पहिल्यापासून समजावून सांगितला.

पास झाली. मांडणीचे दोन गुण कापले होते. का, ते विचारायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.