पाटावर बसलेला लॅपटॉप

ऑफिसनं सगळ्यांना पुण्याला परत बोलावलं तेव्हा मी कोल्हापुरात घरून काम करत होते. बाबा गेल्यापासून आई कोल्हापुरात एकटी, आणि पुण्याला यायला ती साफ नकार देत होती. तिच्या मते तिथल्या दुधाला चवच नाही. मी मॅनेजरबाईंच्या मागे भुणभुण लावली, तेव्हा त्यांनी एक वाट ठेवली. ऑफिस नवी प्रणाली आणणार होतं. ती मी घरच्या घरी उभी करायची आणि दसऱ्यानंतर चालवून दाखवायची. जमलं तर ते काम माझं, आणि कोल्हापुरातूनच. नाही जमलं तर बॅग भरायची.

ही प्रणाली म्हणजे एक मुकादमच. कुठलं काम कुठल्या मशीननं करायचं ते ती ठरवते, आणि एखादं मशीन आडवं झालं की त्याचं काम दुसऱ्याच्या गळ्यात घालते. मी नात्यागोत्यातून तीन जुने लॅपटॉप गोळा केले. बॅटऱ्या केव्हाच मेलेल्या. वायर काढली की खेळ खलास. थोरल्यावर मुकादम बसवला, शिवाय थोडं कामही दिलं. बाकीचं धाकट्या दोघांवर. धाकट्यांच्या वायरी उपटून पाहिल्या, तर काम निमूटपणे दुसरीकडे जायचं. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

खंडेनवमीला मी झेंडू आणायला बाजारात गेले. परत येते तर थोरला लॅपटॉप टेबलावरून गायब. तो देवघरात पाटावर बसला होता, झाकणावर हळदकुंकू, शेजारी विळी आणि बाबांचा पाना. आईचं माहेर हुपरीचं. तिथं चांदीकाम करणारी घरं या दिवशी हातोड्या-पकडी पुसून पुजतात आणि दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावत नाहीत. माझं हत्यार कुठलं, हे तिनं तिच्यापुरतं ठरवून टाकलं होतं. पाटावर एकच मावला, म्हणून तिनं मोठा निवडला होता. धुतला नव्हता, हेच नशीब.

मी तडकले. दोन दिवसांवर परीक्षा आणि हिनं मुकादमालाच देवघरात नेऊन बसवलं. मी पाटाकडे हात नेला तशी ती म्हणाली, "वरीसभर राबतंय ते. उद्या सोनं वाटल्याबिगर हात लावायचा न्हाय."

तिच्याशी वाद घालून कुणी जिंकलेलं मला आठवत नाही. चरफडत टेबलाशी आले आणि बघते तर थोरल्यावरचं काम त्याच्याबरोबरच झोपलेलं. धाकटे आपापलं करत होते, पण ते काम कुणी उचलेना. मुद्दाम धाकट्यावरचं एक काम बंद पाडलं, तेही पुन्हा उभं राहीना. मुकादम स्वतःच आडवा झाला तर काय, हा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. राग कुठल्या कुठे गेला. देवघराकडे तोंड करून मी मनातल्या मनात हात जोडले.

दसऱ्याला आईच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं आणि लॅपटॉप मागून घेतला. मग तिघांवरही मुकादम बसवला. हुकूम एका वेळी एकाचाच, पण तो गेला की उरलेले दोघं आपसात नवा मुकादम ठरवणार होते.

परीक्षेच्या दिवशी मॅनेजरबाई पडद्यावर आल्या. सगळं नीट बघून म्हणाल्या, "आता मुख्य मशीन बंद कर."

मी आईला हाक मारली आणि पाटावर बसवला होतास त्याची वायर काढ म्हटलं. तिनं बेधडक उपटली. थोरल्यावरून चालणारं पडद्यावरचं पान गोठलं. थोड्या वेळानं ते पुन्हा हललं. थोरल्याचं काम धाकट्यांनी वाटून घेतलं होतं. बाई एवढंच म्हणाल्या, की ठीक आहे, तू तिथूनच काम कर.

आई वायर हातात धरून तशीच उभी होती.

"म्हंजे आता जायाचं न्हाय व्हय तुला?"

न्हाय, म्हटलं. तिच्यामुळेच वाचले, हे तिला सांगायचं होतं. तिचा हात धरून कसंबसं सांगितलं. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे. तिनं पदरानं आधी लॅपटॉपचं झाकण पुसलं, मग डोळे.

"तर मग मोठा पाट करून घिऊया की," ती म्हणाली. "फुडल्या खंडेनवमीला तिन्ही मावाय पायजेत."