वायर का नाही काढली?

मी विज्ञानातल्या थरारकथा लिहितो. यंत्रं उलटतात आणि बनवणाऱ्याचाच गळा धरतात, तसल्या. मागच्या कादंबरीत एका इमारतीचं यंत्र माणसांना कोंडून ठेवतं. भेटेल तो वाचक एकच विचारायचा, "अहो, पण कोणी वायर का नाही काढली?" मला राग यायचा, कारण प्रश्न बरोबर होता. पुढच्या आवृत्तीत मी यंत्राला बॅटरी दिली, माणसांबद्दल द्वेषही दिला. तरी कोणाला पटेना.

त्याच सुमारास आमच्या सोसायटीच्या दाराला चेहरा ओळखणारं मशीन बसलं. मी कमिटीत होतो, आणि "तुम्ही लिहिता ना असलं" म्हणून ते काम माझ्याच गळ्यात पडलं. वॉचमन ओळखीवर कोणालाही आत सोडतो अशी तक्रार होती. म्हणून त्याच्या हातातलं दार उघडायचं बटण काढायची सूचना मीच केली. सगळ्यांना ती फार आवडली.

आमची इमारत खाडीला लागून आहे. इमारतीच्या जागी आधी आमचीच भातशेती होती. बिल्डरला जमीन देताना बाबांनी घर मागून घेतलं, पैशांपेक्षा ते बरं म्हणून.

मग गावात काका वारले. दहाव्याला रिवाजाप्रमाणे बाबांनी डोकं केलं, म्हणजे मुंडण, मिशाही काढल्या. त्या भरघोस मिशांशिवाय मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. घरी आलो, तर मशीन लाल. 'व्यक्ती नोंदलेली नाही.' आम्ही दोघंही हसलो. मी नवीन नोंद करायला गेलो, तर म्हणे, 'ही व्यक्ती आधीच नोंदलेली आहे.' कंपनीला फोन लावला. तिथे एक गोड रेकॉर्ड केलेला आवाज होता, तो ऐकून घ्यायचा आणि आभार मानायचा.

"मैं तो पहचानता हूँ अंकल," वॉचमन म्हणायचा, "लेकिन मेरे हाथ में कुछ नहीं है."

बाबा दाराशी थांबायचे. कोणी आलं की त्याच्या मागोमाग आत शिरायचे, आणि मशीन शिट्टी वाजवायचं. एकदा नव्या भाडेकरूने त्यांना अडवून विचारलं, "किधर जाना है?" दुसऱ्या दिवशी पिशवी भरून बाबा काकांच्या घरी राहायला गेले.

मी दारापाशीच मीटिंग बोलावली, मशीन बंद करू म्हटलं. मशीनची वायर दाराशेजारीच होती, हात लांब केला की पोचेल अशी. कोणी वाईट बोललं नाही, बाबा सगळ्यांचे लाडके. अध्यक्ष समजावत म्हणाले, "एका माणसासाठी सगळ्यांची सेफ्टी सोडायची का? महिन्याभरात केस येतील की." सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण दार त्यांच्यासाठी रोज उघडत होतं. कोणाचाच द्वेष नव्हता, मशीनचाही नाही. मी वायरकडे बघत बसलो. माझा हात उठला नाही.

केस आले, मिशाही आल्या. मी बाबांना आणायला गेलो. ते काकांच्या ओट्यावर जाळीच्या पिशवीतला लसूण सोलत बसले होते.

"चला बाबा, आता ओळखेल ते."

"आनी परत कोन गेला तं? परत डोका करावा लागंल. मंग काय, मी परत दारावर उबा ऱ्हाऊ?"

मी म्हटलं, तोवर काहीतरी करू. काय करू, ते मलाही माहीत नव्हतं, आणि त्यांना ते कळलं.

"मी न्हाय येत. हिता सगली वलखतात मना." लसणाची सालं त्यांनी फुंकून उडवली, आणि मग खरोखरच्या काळजीने माझ्या डोक्याकडे बघत म्हणाले, "पन मी जाईन तवा तू डोका करशील. तवा तू कुटं जाशील?"